‘मी कुठे स्कॉट्स बोलतो, मी आपला नुसता बोलतो’

धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: स्कॉटलंडमध्ये २०२५ साली स्कॉट्स भाषेला अधिकृत दर्जा मिळाल्याचं वाचलं. ही भाषा म्हणजे गेलिक की इंग्रजीचीच एक बोली? तिला मान मिळावा, ती चारचौघांत वापरली जावी म्हणून तिथे काय काय केलं, त्यातलं काय चाललं आणि काय फसलं? आम्ही काही जण अहिराणीसाठी धडपडतो आहोत, आम्हाला त्यातून काही उचलता येईल का? आणि उन्हाळ्यात मुलीकडे ॲबर्डीनला येणार आहे, तेव्हा लोकांशी दोन शब्द स्कॉट्समध्ये बोलून पाहू का?

सर, मी मूळची नाशिकची. ॲबर्डीनशरमधल्या एका लहान गावाच्या वाचनालयात एकोणीस वर्षं काम करते आहे, त्यातली बरीचशी मुलांच्या विभागात. भाषाशास्त्रज्ञ नाही, पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारणारी बाई आहे. पण या भाषेचं जे काही भलंबुरं होतं ते आमच्या काउंटरवरून जातं, म्हणून सांगायला बसले.

२०११ च्या मार्चमधली गोष्ट. त्या वर्षीच्या जनगणनेत पहिल्यांदाच स्कॉट्सविषयी विचारलं होतं: समजते का, बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का, जे येत असेल त्या चौकटीत खूण करा. वाचनालयात आम्ही लोकांना फॉर्म भरायला मदत करत होतो. सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आले. दारातल्या पायपुसण्यावर दोनदा घासूनही बुटांचं शेण काही गेलं नव्हतं. बाकीचा फॉर्म त्यांनी भराभर भरला आणि या प्रश्नापाशी पेन थांबलं. मी म्हटलं, तुम्ही बोलता की स्कॉट्स. ते म्हणाले, “ना ना, क्वाइन. आय डिन्ना स्पिक स्कॉट्स. आय जिस्ट स्पिक.” छे गं पोरी, मी कुठे स्कॉट्स बोलतो, मी आपला नुसता बोलतो.

हे ते अख्खं स्कॉट्समध्ये बोलले.

ही अडचण येणार हे जनगणनावाल्यांना ठाऊक होतं. म्हणून ‘आय कॅन’ नावाचं एक संकेतस्थळ केलं होतं. इथे ‘आय’ म्हणजे ‘हो’. त्यावर वेगवेगळ्या भागांतल्या माणसांचं बोलणं ऐकायला ठेवलं होतं: असं बोलत असाल तर ‘हो’वर खूण करा. मी आजोबांना संगणकापाशी बसवून आमच्या भागातला आवाज लावला. ते म्हणाले, अगं, ही तर डोरिक. मी म्हटलं, डोरिक म्हणजे स्कॉट्सचीच इथली तऱ्हा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की नाशिकहून आलेली ही बाई मला माझ्या भाषेचं नाव सांगते! पण खूण केली. समजते, बोलता येते, थोडं थांबून वाचता येते. लिहिण्यापाशी मात्र मान हलवली. शाळेत लिहिलं असतं तर पट्टा बसला असता, म्हणाले. तो पट्टा म्हणजे जाड चामड्याचा, टोकाशी चिरून शेपट्या केलेला. फाइफ भागातलं लॉखगेली हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होतं. सरकारी शाळांतून तो गेला १९८७ साली, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही.

सरकारने २०१० मध्ये लोकांची मतं विचारली होती. तेव्हा ८५ टक्के लोक म्हणाले की आम्ही थोडंफार तरी स्कॉट्स बोलतो, आणि त्याच पाहणीत ६४ टक्क्यांनी सांगितलं की ही काही भाषा वाटत नाही, ही आपली बोलायची पद्धत. माझ्या मते सगळं दुखणं या दोन आकड्यांत आहे. बोलणारे होते, वाङ्मय होतं, शब्दकोश होते. फक्त ज्याच्या तोंडात ती होती त्यालाच ती ‘भाषा’ वाटत नव्हती.

आता भाषा की बोली. गेलिक ही वेगळी, केल्टिक, आयरिशची सख्खी बहीण. तिचं घर उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ मुलूख आणि बेटं. स्कॉट्स सखल भागाची. तिची नि इंग्रजीची आई एकच, जुनी इंग्लिश; पण स्कॉट्स तिच्या उत्तरेकडच्या, नॉर्थम्ब्रियन शाखेतून वाढली, त्यात नॉर्स, फ्रेंच, डच, गेलिक शब्द मिसळले. म्हणून मूल ‘बेर्न’ झालं आणि चर्च ‘किर्क’. तिची एक तऱ्हा समुद्रापलीकडे उत्तर आयर्लंडातही बोलतात.

माझ्याकडे लहान मुलं येतात त्यांना मी एकच गंमत दाखवते. इंग्रजीत रात्रीला ‘नाइट’ म्हणतात, पण लिहिताना मध्ये जी आणि एच ही दोन मुकी अक्षरं घालतात. कशाला? कारण कधीकाळी ती मुकी नव्हती. आमच्या गावातली म्हातारी माणसं अजून ‘निख्त’ म्हणतात, उजेडाला ‘लिख्त’. घराला ‘हूस’, गाईला ‘कू’. इंग्रजीत जुना ‘ऊ’ सरकत सरकत ‘आउ’ झाला, इथे तो जागचा हलला नाही. वर्गात ‘हूस’ म्हटलं की मुलाला सांगायचे, इंग्रजी बिघडवू नकोस. बिघडलं कोण ते तुम्हीच ठरवा. व्याकरणातही हिची स्वतःची बिऱ्हाडं आहेत: एक डोळा ‘ई’, दोन डोळे ‘ईन’, एक गाय ‘कू’, कळप ‘काय’, आणि ‘हा’, ‘तो’ यांच्या पलीकडे ‘तो तिकडचा’ यासाठी वेगळा ‘यॉन’. आमच्या ईशान्य भागात तर लाडाचे प्रत्यय एकावर एक चढतात. ‘लॅस’ म्हणजे मुलगी, ‘लॅसी’ म्हणजे छोटी मुलगी, ‘लॅसिकी’ म्हणजे अगदी सोनुकली.

एके काळी ही राज्याची भाषा होती. जॉन बार्बरने १३७५ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूस राजाचं मोठं काव्य तीत लिहिलं. गॅव्हिन डग्लसने १५१३ साली व्हर्जिलचं लॅटिन महाकाव्य संपूर्ण स्कॉट्समध्ये आणलं, इंग्रजीत ते यायच्या आधी. मग धर्मसुधारणेच्या वेळी, १५६० नंतर, बायबल आलं ते इंग्रजी. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेला, १७०७ मध्ये इथली संसदही तिकडच्या संसदेत विलीन झाली. सैन्य घेऊन कोणी भाषा मोडली नाही. दरबार गेला तशी प्रतिष्ठाही त्याच्यामागून गेली, एवढंच. अठराव्या शतकात एडिंबऱ्यातल्या विद्वानांना आपल्या इंग्रजीत स्कॉट्स शब्द शिरतात याची इतकी लाज वाटायची की डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने १७५२ मध्ये ‘टाळायचे शब्द’ अशी यादीच छापली. ह्यूम मरताना पापांची नव्हे, स्कॉट्स शब्दांची कबुली देऊन गेला, अशी थट्टा मग त्याच्यावर झाली. १८७२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं आणि ही लाज गावोगाव पोचली.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. गौरव म्हणाल तर या भाषेचा गौरव कधीच कमी नव्हता, आणि मला त्याचाच राग येतो. स्कॉट्सचा सगळ्यात लाडका कवी रॉबर्ट बर्न्स, त्याचं पहिलं पुस्तक १७८६ मध्ये किल्मारनॉकला छापलं, ६१२ प्रती. आज त्याच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीला, जगभर मेजवान्या होतात, हॅगिस या मांसाच्या पदार्थावर कविता म्हणून सुरी चालवतात. त्याचं ‘ऑल्ड लँग साइन’ तुम्हीही ऐकलेलं आहे, कारण खडकवासल्याला एनडीएच्या दीक्षान्त संचलनात कॅडेट शेवटची संथ पावलं टाकतात ती याच सुरांवर. (शेवटचा शब्द ‘साइन’ आहे, ‘झाइन’ नव्हे. इंग्रजसुद्धा चुकतात.)

एका शाळेत मी दर जानेवारीत कवितापाठाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून जात असे. एका वर्षी आठ वर्षांच्या मुलाने बर्न्सची उंदरावरची कविता अशी म्हटली की मागे बसलेल्या आज्यांनी डोळे पुसले. प्रमाणपत्र घ्यायला तो पुढे आला. कागदावर काहीतरी सोनेरी छापलं होतं, त्यावर बोट ठेवून त्याने बाईंना विचारलं, “फिट्स ॲट?” हे काय आहे? बाई हसून, अगदी प्रेमाने म्हणाल्या, ‘व्हॉट इज दॅट’, राजा. नीट बोल. हातात स्कॉट्सचं प्रमाणपत्र देता देता. पोराचे कान लाल झाले. त्या बाईंना आपण काही विसंगत केलं हे जाणवलंसुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही घरी जाऊन भाजी चिरताना जाणवलं.

तेव्हापासून मी हे असं पाहते. घरात दिवाणखाना असतो आणि ओसरी असते. स्कॉट्सला दिवाणखान्यात कवितेची खुर्ची मिळाली, वर्षातून एका रात्रीची. ओसरीवर थट्टामस्करीची जागा मिळाली: विनोदी कलाकार, चहाचे मग आणि हात पुसायचे रुमाल, ज्यावर ‘ड्रीख’ म्हणजे मळभाची भिजकट हवा किंवा ‘व्हीश्ट’ म्हणजे गप बस असं छापून पर्यटकांना विकतात. माजघर मात्र तिचं गेलं. पत्र, सूचना, तक्रार, बातमी, औषधाच्या बाटलीवरची ओळ, पालकसभेतलं बोलणं, हे सगळं इंग्रजीत. जो उपक्रम स्कॉट्सला माजघरात नेतो तो कामाचा, बाकीचा नुसता समारंभ. या कसोटीवर आता काय चाललं नि काय फसलं ते सांगते.

शब्दकोशापासून सुरुवात करते, कारण लोक त्याला कमी लेखतात. स्कॉट्सचा राष्ट्रीय शब्दकोश १९३१ पासून १९७६ पर्यंत दहा खंडांत निघाला. जुन्या स्कॉट्सचा दुसरा, बारा खंडांचा, पुरा व्हायला २००२ उजाडलं. दोन्ही २००४ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुले झाले. हे विद्वानांचं काम वाटतं, पण आमच्याकडे ते असं वापरलं जातं: एक मुलगी आली, तिची आजी काखेला ‘ऑक्स्टर’ म्हणते आणि शेजारच्या मुली तिला हसल्या. मी शोधून दाखवलं. शब्द, अर्थ, कोणत्या गावात कोणत्या साली कोणी वापरला त्याची उदाहरणं, उदाहरणांखाली उदाहरणं. तिने प्रिंट काढून मागितली. आजीचा शब्द छापलेला असतो, त्याला साल असतं, हे बघितल्यावर पोरांची मान थोडी वर होते. ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ मध्ये बर्फासाठीचे ४२१ स्कॉट्स शब्द जमवले तेव्हाही असंच झालं. बातमी गमतीची म्हणून फिरली, पण आठवडाभर लोक काउंटरवर येऊन आमच्याकडे आणखी एक आहे म्हणून सांगत होते. बर्फ गरगर फिरतं त्याला ‘फीफल’, हे मला तेव्हा कळलं.

सगळ्यात चाललं काय, तर मुलांची पुस्तकं. ‘इची कू’ या प्रकाशनाने २००२ पासून लहानांसाठी स्कॉट्स पुस्तकं काढायला घेतली. जेम्स रॉबर्टसन आणि मॅथ्यू फिट हे दोन लेखक त्यामागे होते. फिटने २०१७ मध्ये हॅरी पॉटरचा पहिला भाग स्कॉट्समध्ये आणला. त्यातल्या झाडूवर बसून खेळायच्या खेळाचं नाव आहे ‘बिझमबॉ’: ‘बिझम’ म्हणजे केरसुणी, ‘बॉ’ म्हणजे चेंडू. नाव वाचून पोरं जमिनीवर लोळतात. पण हसणं ही वरवरची गोष्ट. गोष्ट आधीच पाठ असते, त्यामुळे शब्द अडला तरी मूल थांबत नाही, हे खरं कारण. नवी गोष्ट नव्या लिपीवळणात दिली की तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतं, हे मी अनेकदा पाहिलंय. ओळखीची गोष्ट दिली की वाचायची सवय लागते आणि मग नवी पचते. स्कॉटलंडभर बाळांसाठी ‘बुकबग’ नावाचे गाण्यांचे वर्ग वाचनालयांत चालतात, त्यात ‘थ्री क्रॉज’सारखी भिंतीवरच्या तीन कावळ्यांची गाणी आम्ही स्कॉट्समध्येच म्हणतो. तिथे एक फायदा असा होतो की तरुण आईबापांना स्वतःच्या तोंडून ती भाषा पुन्हा ऐकू येते. एक बाप गाणं झाल्यावर माझ्याशी सरळ डोरिकमध्ये बोलायला लागला. चार वर्षं ओळखत होते त्याला, आमच्यात तोवर फक्त इंग्रजी होती.

मोठ्यांच्या वाङ्मयाबद्दल एकच निरीक्षण, मराठी वाचकाला ते चटकन कळेल. निवेदन प्रमाणभाषेत, संवाद बोलीत, ही वाटणी इथेही होती. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांत लेखक इंग्रजीत बोलतो आणि नोकरचाकर स्कॉट्समध्ये. त्यात आणखी ती बिलंदर लोपचिन्हं, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी: ‘विथ’चं ‘वि’ लिहायचं आणि डोक्यावर चिन्ह द्यायचं, जणू इंग्रजी अक्षर गळालं त्याबद्दल माफी मागतोय. कवींनी १९४७ मध्ये एकत्र बसून हे माफीचं चिन्ह बंद करायचं ठरवलं. जेम्स केलमनने ग्लासगोच्या कामगाराचा आवाज थेट निवेदनातच घातला आणि १९९४ चं बुकर मिळवलं. परीक्षकांतल्याच एकीने जाहीर नापसंती दाखवली. आणि माझा लाडका किस्सा: विल्यम लॉरिमर या ग्रीकच्या प्राध्यापकाने बायबलमधला नवा करार मूळ ग्रीकवरून स्कॉट्समध्ये आणला, तो त्याच्या मृत्यूनंतर १९८३ मध्ये छापला. त्याच्या एका मसुद्यात सगळे स्कॉट्स बोलतात, फक्त सैतान इंग्रजी बोलतो. छापताना तो मसुदा परिशिष्टात गेला. पण चर्चमध्ये आजही लोक तोच आधी सांगतात.

फसलेल्यांत सरकारी पत्रकं येतात. नवी संसद १९९९ मध्ये सुरू झाली, उद्घाटनाला शीना वेलिंग्टन यांनी बर्न्सचं समतेचं गाणं गायलं, सगळं सभागृह शेवटच्या कडव्याला सुरात सूर मिसळून गायलं. ते फार सुंदर होतं. त्यानंतर संसदेची माहितीपत्रकं स्कॉट्समध्ये निघाली. हेतू सोळा आणे खरा. पण इंग्रजी कारकुनी वाक्य घ्यायचं आणि त्यात शब्दाला शब्द स्कॉट्स बसवायचे, यातून जे तयार होतं ते कोणाच्याच तोंडचं नसतं. लोक हसले, वर्तमानपत्रांना आयती थट्टा मिळाली. आपल्याकडचे शासन निर्णय आठवा. मराठीतच असतात ना ते?

याहून वाईट फजिती विकिपीडियाची. स्कॉट्स विकिपीडिया २००५ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीला आलं की त्यातले हजारो लेख अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलाने लिहिलेत, ज्याला स्कॉट्स येतच नव्हती. इंग्रजी लेख समोर ठेवून शब्दकोशातून एकेक शब्द बदलायचा, बारा वर्षांचा असल्यापासून, वर्षानुवर्षं. जगभर बोभाटा झाला. ज्यांना ही भाषा थट्टाच वाटत होती त्यांनी त्या लेखांकडे बोट दाखवून म्हटलं, बघा, नुसती वाकडी इंग्रजी. काही दिवसांत भाषा जाणणारे स्वयंसेवक जमले आणि दुरुस्तीला लागले. त्या मुलाला जे शिव्याशाप मिळाले ते मला पटले नाहीत. तो एकटा लिहीत होता कारण पंधरा लाख बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिथे लिहावंसं वाटलं. आणि का वाटलं नाही ते आमच्या आजोबांनी चौथ्या चौकटीपाशी सांगितलंच होतं.

नंतरच्या पिढीला तो पट्टा माहीत नाही, हे तिचं भाग्य. २०२० च्या टाळेबंदीत लेन पेनी ही कवयित्री रोज एक स्कॉट्स शब्द घेऊन मोबाइलसमोर बोलायला लागली आणि बघता बघता लाखो लोक बघायला लागले. सोबत घाणेरड्या धमक्याही आल्या. तरुण मुलगी आणि वर स्कॉट्स बोलते, दोन्ही काहींना सोसवेना. आमच्याच भागातल्या हंटलीची गायिका आयोना फाइफ हिने पाठपुरावा केला की गाण्यांच्या स्पॉटिफाय ॲपवर भाषांच्या यादीत स्कॉट्स का नाही. २०२१ मध्ये ती यादीत आली. एवढीशी गोष्ट, पण हे माजघर आहे. गाणं चढवणाऱ्याला यापुढे ‘इंग्रजी’ असं खोटं निवडावं लागत नाही.

आता कायदा. ब्रिटनने २००१ मध्ये प्रादेशिक भाषांचा युरोपीय करार मान्य केला, त्यात स्कॉट्स होती, पण गेलिकपेक्षा खालच्या पायरीवर. शाळांसाठी स्कॉट्सची परीक्षा २०१४ मध्ये आली, सरकारचं धोरण २०१५ मध्ये, मुक्त विद्यापीठाचा मोफत अभ्यासक्रम २०१९ मध्ये. आणि १७ जून २०२५ ला संसदेने स्कॉटिश भाषा विधेयक मंजूर केलं, त्याने गेलिक आणि स्कॉट्स दोन्ही अधिकृत झाल्या. सरकारला स्कॉट्ससाठी धोरण-आराखडा करावा लागेल, शाळांसाठी निकष ठरवता येतील. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण गेलिकला २००५ च्या कायद्याने मिळालेलं स्वतःचं मंडळ आहे, २००८ पासून बीबीसीची स्वतंत्र वाहिनी आहे. स्कॉट्सला दोन्ही नाहीत, आणि पैशाचं म्हणाल तर गेलिकच्या ताटाशेजारी स्कॉट्सची चटणीची वाटी. स्कॉट्स शिकवायला प्रशिक्षित शिक्षक मिळत नाहीत. जानेवारीत सगळे तयार असतात, फेब्रुवारीत फोन करा.

जनगणनेचे आकडे नीट वाचा, म्हणजे उत्सवाची मर्यादा कळते. २०११ मध्ये स्कॉट्स बोलणारे सुमारे १५ लाख ४० हजार होते, २०२२ मध्ये १५ लाख ८ हजार. पण ‘समजते, वाचता येते’ असं काहीतरी येणारे १९ लाखांवरून २४ लाखांवर गेले. म्हणजे नाव माहीत झालं, लाज कमी झाली, खुणा वाढल्या. तोंडं वाढली नाहीत.

अहिराणीबद्दल मी काय सांगणार, तुम्ही त्या मातीतले. आमच्या चुकांतून निघतं तेवढं सांगते. पोस्टरवर कोणतं नाव घालता ते आधी चार म्हाताऱ्यांना विचारा. आम्ही ‘स्कॉट्स गोष्टींचा तास’ लावला तेव्हा पाच मुलं आली. फलक बदलून ‘डोरिक गोष्टी’ लिहिलं तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. गोष्टी त्याच होत्या, सांगणारीही तीच. शुद्धलेखनाचा वाद पहिल्या वर्षी घेऊ नका. ‘चांगलं’ याला दक्षिणेत ‘गिड’ म्हणतात, आमच्याकडे ‘ग्वीड’, आणि यावरून भांडून बंद पडलेले गट मी पाहिलेत. आपल्या गावचं जसं आहे तसं लिहू द्या. शब्दांच्या याद्या, ‘आजचा शब्द’ वगैरे मजेला ठीक, पण सुटा शब्द भाषेला वस्तुसंग्रहालयात नेतो, पूर्ण वाक्य बाहेर आणतं. आम्ही वाचनालयाच्या दारावर ‘कम अवा बेन’ लिहिलं, या, आत या. ‘बेन’ म्हणजे इथल्या जुन्या दोन खोल्यांच्या घराची आतली खोली. त्याच वेळी एका उत्साही सभासदाने स्वच्छतागृहावर ‘क्लजी’ अशी पाटी लावायला सुचवलं होतं, संडासाचा गमतीचा शब्द. सगळे हसले, मी नाही म्हटलं. आधी दारावर, काउंटरवर, पुस्तक परत करायच्या चिठ्ठीवर येऊ दे. मग संडासावरही लावू. अजून लावलेली नाही.

आणि आवाज मुद्रित करून ठेवा, याच वर्षी. एडिंबरा विद्यापीठात १९५१ मध्ये स्कॉटिश अभ्यासाचं केंद्र निघालं. तिथला हेमिश हेंडरसन जड टेपरेकॉर्डर घेऊन शेतमजुरांकडे, भटक्या जमातींच्या तंबूंत जाऊन बसायचा. ॲबर्डीनच्या एका साध्या घरात १९५३ मध्ये त्याला जीनी रॉबर्टसन भेटली, भटक्या समाजातली, शेकडो वर्षांची कथागीतं पाठ असलेली बाई. ज्यांना गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं त्यांच्याकडेच भाषेचा सगळ्यात मोठा ठेवा निघाला. ते ध्वनिमुद्रण आज ‘किस्ट ओ रिचेस’ नावाने इंटरनेटवर खुलं आहे. ‘किस्ट’ म्हणजे पेटी, धान्याची असते तशी. तुमच्याकडे तर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे. गाणीच नकोत, बाजारहाटाचं बोलणं, भांडण, विहिरीचं मोजमाप, जनावराच्या आजारावरचे उपाय, असलं काही घ्या. आमच्या संग्रहात गाणी रग्गड आहेत आणि दूध आटलेल्या गाईबद्दलचं साधं बोलणं शोधावं लागतं.

राहिला ॲबर्डीनचा प्रश्न. नक्कल करू नका. परक्याने सूर काढून ‘ऑख आय’ म्हटलेलं इथे कोणाला आवडत नाही, इंग्रजांनी फार वर्षं ते करून झालंय. ऐका मात्र भरपूर. दुकानात कोणी ‘मेसेजेस’ आणायला आलेय म्हणाली तर ती निरोप न्यायला आलेली नसते, किराणा घ्यायला आलेली असते. ‘लून’ म्हणजे मुलगा, ‘क्वाइन’ म्हणजे मुलगी, आणि प्रश्नाच्या शब्दांत ‘व्ह’च्या जागी ‘फ’ ऐकू आला की गोंधळू नका: ‘फिट’ म्हणजे काय, ‘फार’ म्हणजे कुठे, ‘फा’ म्हणजे कोण. बसथांब्यावर शेजारचे आजोबा “फिट लाइक?” म्हणाले तर ते तब्येतीची चौकशी करत आहेत. “ने बॅड, फूज यरसेल?” एवढं उत्तर द्या, बरं आहे, तुमचं कसं. आणि मग गप्प बसा, कारण त्यानंतर ते पावसाबद्दल जे बोलतील त्यातलं पहिले दोन आठवडे तुम्हाला काहीही कळणार नाही. मला सहा महिने लागले होते.